एसव्हीजी म्हणे फक्त आयकॉनपुरतं!

सध्या एक पोस्ट जाम फिरतेय. सार असं, की एसव्हीजी (वेबवरचं चित्र आकारांच्या वर्णनाने, मजकूर स्वरूपात लिहायचा फॉरमॅट) म्हणजे एक्सएमएलच्या, म्हणजे टॅग लावून डेटा लिहायच्या पद्धतीच्या, जमान्यातलं जुनं प्रकरण, स्लो आहे, लोगो-आयकॉनपुरतं ठीक, पण सिरियस वेब ॲप करायचं तर सगळं कॅनव्हासवर (ब्राउझरमधला कोरा फळा, ज्यावर कोडने थेट पिक्सेल रंगवायचे) काढा, क्लिक वगैरे काय दोन ओळींचं काम, टेक्स्टही लिहिता येतं, आणि गूगल डॉक्सनेही तेच केलं ना. खाली सगळे "एकदम बरोबर सर" म्हणतायत. एकेक घेऊया.

जुनं आहे? आहेच, 2001 मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, एसव्हीजी 1.0 मंजूर केलं. पण कॅनव्हास तरी कुठे कालचं पोर आहे, ॲपलने 2004 मध्ये मॅकवरच्या डॅशबोर्डच्या विजेट्ससाठी (छोट्या ॲप्ससाठी) आणलं ते. मधल्या काळात लोक ज्या फ्लॅश आणि सिल्व्हरलाइट या ब्राउझर प्लगइन्सच्या मागे धावले त्यातलं एक 2020 अखेर गेलं, दुसरं 2021 मध्ये. तेव्हाची साधी एसव्हीजी फाइल मात्र आजही क्रोममध्ये ओढून टाकली की उघडते.

आता "स्लो". हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त पसरतं. एसव्हीजीतला प्रत्येक आकार डॉममधला (ब्राउझर पानाची जी रचना मेमरीत ठेवतो तिच्यातला) एक एलिमेंट असतो आणि असे हजारो झाले की ब्राउझरला धाप लागते, यात वाद नाही. पण तुमच्या ॲपमध्ये आहेत किती ते तरी मोजा. महाराष्ट्राचा जिल्ह्यांचा नकाशा घ्या, 36 जिल्हे, म्हणजे 36 पाथ (रेषांनी बनलेले आकार), एवढ्याने काहीही स्लो होत नाही. झालाच तर बहुतेक वेळा दोष कच्च्या डेटाचा असतो, कोकण किनाऱ्याची प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण पॉइंटला सहा-सहा दशांश स्थळं लावून आलेलं असतं, आणि पडद्यावर ती खाडी दिसते किती तर दोन पिक्सेल. मॅपशेपर या नकाशे हलके करायच्या टूलमध्ये टाकून रेषा सोप्या करा, एक दशांश ठेवा, सर्व्हरवर जीझिप (फाइल दाबून लहान करून पाठवणं) चालू करा, मग बोला. गावपातळीवर जायचं असेल, चाळीस हजारांवर गावं, तर खुशाल कॅनव्हास नाहीतर वेबजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायची ब्राउझरची सोय) घ्या, तिथे मीही एसव्हीजी घेणार नाही.

"क्लिक वगैरे दोन ओळींचं काम" हे वाचून हसू आलं. एसव्हीजीत सातारा हा एक एलिमेंट आहे, त्याला क्लिक लावा, सीएसएसने होव्हरला रंग बदला, टॅबने फोकस द्या, टायटल दिलं की स्क्रीन रीडर (अंधांसाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नावही वाचतो. कॅनव्हासवर सातारा नाहीच, नुसते पिक्सेल आहेत. माऊस कुठल्या जिल्ह्यावर आहे हे तुम्ही एकेक पाथ तपासून शोधायचं, कीबोर्डचं वेगळं, स्क्रीन रीडरचं आणखी वेगळं. वर मोबाइलचा त्रास: 400 बाय 700 चा कॅनव्हास 3 एक्सच्या (एका पिक्सेलच्या जागी आडवे-उभे तीन-तीन असलेल्या) स्क्रीनवर शार्प दिसायला 1200 बाय 2100 चा करावा लागतो, म्हणजे पिक्सेलला 4 बाइट धरले तर साधारण 10 एमबी मेमरी एका चित्राला. नाही केला तर अक्षरं धुरकट.

टेक्स्टचं काय? कॅनव्हासची टेक्स्ट लिहायची कमांड, फिलटेक्स्ट, मराठी नीट काढते, कारण मागे ब्राउझरच अक्षरं जुळवतो. पण स्पीडसाठी म्हणून वेबजीएलच्या गेम इंजिनातला बिटमॅप फाँट घेतलात की खेळ संपला. तो एका कॅरॅक्टरला एक चित्र लावतो, आणि "किती" मध्ये वेलांटी साठवली जाते क नंतर, दिसायला मात्र हवी क च्या आधी. "महाराष्ट्र" मधला ष्ट्र तर सरळ फुटून ष, पाय मोडल्याची खूण, ट, परत खूण, र असा सुटा उभा राहतो. इंग्लिश डेमोत हे कधीच दिसत नाही.

एसव्हीजी धुतल्या तांदळासारखं आहे असंही नाही हं. लांब टेक्स्टची ओळ ते आपोआप तोडत नाही, त्यापेक्षा वर एचटीएमएल ठेवा. युझरने अपलोड केलेली फाइल पानात थेट घातली तर तिच्यातली स्क्रिप्ट चालू शकते, इमेज टॅगमधून दाखवली तर चालत नाही. आणि डिझायनरने फाँटच्या भीतीने सगळ्या टेक्स्टचे आउटलाइन्स (अक्षरांऐवजी नुसते आकार) करून दिले असतील तर 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा फाइंड-रिप्लेसला काही सापडलंच नसणार.

राहिलं गूगल डॉक्स. मे 2021 मध्ये त्यांनी कॅनव्हासवर जातोय हे जाहीर केलं, खरं आहे, कारण परफॉर्मन्स आणि सगळीकडे पान सारखं दिसणं. सोबतच काही क्रोम एक्स्टेन्शन्स बिघडू शकतील असंही सांगितलं, हे पोस्टमध्ये गाळलंय. शिवाय ते वर्ड प्रोसेसर आहे, ओळ कुठे तोडायची, कर्सर कुठे, सिलेक्शन कसं, सगळं स्वतः लिहायला माणसं आहेत त्यांच्याकडे. आपल्याकडे दोघांची टीम आणि शुक्रवारी डेमो.

आणि दोन्हीपैकी एकच निवडा असं सांगितलंय कोणी? हजारो ठिपके खाली कॅनव्हासवर, त्यावर अक्ष, लेबल्स आणि सिलेक्शन एसव्हीजीत, हे सर्रास चालतं. फक्त वरच्या थराला पॉइंटर-इव्हेंट्स नन (माऊसचे क्लिक पकडू नको, असं सांगणारी सीएसएसची ओळ) द्यायला विसरू नका, आणि ज्या लेबलवर क्लिक हवंय तेवढ्यालाच परत चालू करा, नाहीतर खालच्या ठिपक्यांपर्यंत क्लिक पोचणारच नाही.