साथ आली म्हणून चाचणीचे नियम सैल करायचे नसतात

एप्रिल २०२१ मधलं कुणाचंही व्हॉट्सॲप उघडून बघा. ‘अर्जंट. बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय. पेशंट सीरियस आहे. प्लीज फॉरवर्ड करा.’ खाली भावाचा नाहीतर जावयाचा नंबर. डॉक्टरांनी हातात चिठ्ठी दिलेली आणि घरातला धडधाकट माणूस या ब्लड बँकेतून त्या ब्लड बँकेत पळतोय, प्लाझ्मासाठी, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवासाठी, कोविडमधून उठलेल्या अनोळखी लोकांच्या हातापाया पडतोय. आत पेशंट एकटा.

आणि या सगळ्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, आपल्याच आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) रुग्णांवर केलेल्या प्लाझ्मा उपचाराच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला होता. देशभरातली ३९ रुग्णालयं, मध्यम आजारी असलेले ४६४ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाला प्लाझ्मा दिला, दुसऱ्याला नाही. आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला, असे रुग्ण पहिल्या गटात १९ टक्के आणि दुसऱ्यात १८ टक्के. म्हणजे फायदा नाही. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या कोविड उपचारांच्या मोठ्या चाचणीतूनही तेच समोर आलं. तरी आपल्या सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा गेला तो मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेनं असंख्य घरं उद्ध्वस्त केल्यावर.

मला याचा आजही संताप येतो. आपल्या डॉक्टरांनी ऐन साथीत, पीपीई किट घालून, इतकी स्वच्छ चाचणी केली. रुग्णांनी विश्वासानं सह्या केल्या. आणि निकाल नको तो आला म्हणून आपण तो बाजूला ठेवला. संशोधनातला अप्रामाणिकपणा म्हटलं की आपल्याला खोटे आकडे आठवतात. खरे आकडे हातात असून त्यांच्याकडे पाठ फिरवणं मला तितकंच गंभीर वाटतं.

खोटे आकडेही होतेच. २२ मे २०२० ला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला: ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण, निष्कर्ष असा की हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे मलेरियाचं औषध घेणाऱ्या कोविड रुग्णांमध्ये मृत्यू जास्त. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग लोकांच्या लक्षात आलं की लेखातले ऑस्ट्रेलियातले मृत्यू त्या देशाच्या अधिकृत नोंदीपेक्षाही जास्त आहेत. माहिती पुरवणारी सर्जिस्फिअर नावाची कंपनी मूळ नोंदी तपासायला देईना. ४ जूनला लेख मागे घेतला गेला. ते औषध कोविडवर चालत नाही हे रिकव्हरी चाचणीनं दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, पण ते खऱ्या रुग्णांवरून, दाखवता येतील अशा नोंदींवरून.

मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, आहे. डॉक्टर म्हणून नाही, सामान्य माणूस म्हणून. नियमानंच तशी एक जागा असते. माझं मुख्य काम मराठी संमतीपत्र वाचायचं. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारांत फरक पडणार नाही’ हे वाक्य मी सगळ्यात आधी शोधतो. ते कुठे आहे, किती ठळक आहे, आमच्या आत्याला कळेल अशा भाषेत आहे का, ते बघतो. ऑक्सिजनचा मास्क लावलेला माणूस पानंच्या पानं वाचू शकत नाही. बाहेर उभा असलेला त्याचा मुलगा त्या क्षणी कशावरही सही करेल. म्हणून तो कागद आधी कुणीतरी त्यांच्या बाजूनं वाचलेला असावा लागतो.

‘एवढी माणसं मरताहेत आणि तुम्ही कागद कसले तपासता?’ हा प्रश्न मी ऐकलाय. २ जुलै २०२० ला आयसीएमआरच्या महासंचालकांचं पत्र १२ रुग्णालयांना गेलं, त्यात नागपूर आणि गोव्यातलंही एकेक होतं. कोव्हॅक्सिनच्या माणसांवरच्या चाचण्या सुरूही व्हायच्या होत्या आणि लस १५ ऑगस्टपर्यंत लोकांसाठी आणायचा मानस पत्रात होता. सूचना पाळल्या नाहीत तर गंभीर दखल घेऊ, असंही बजावलं होतं. टीका झाल्यावर खुलासा आला की लाल फीत टाळायची होती. पण असं पत्र हातात असताना कुठल्या कमिटीचा सदस्य ‘थांबा, मला शंका आहे’ म्हणेल?

आणि घाई करायला माझी हरकत नाहीच. रिकव्हरीचा आराखडा लिहायला घेतल्यापासून पहिला रुग्ण दाखल व्हायला फक्त नऊ दिवस लागले. त्यात परवानगी, संमती सगळं आलं. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या त्या चाचणीनं १६ जूनला सांगितलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी करतं. जगभर जीव वाचले ते अशा कामानं. कमिटीला वेळेत माणसं द्या, रात्री बैठक लावा, अनेक रुग्णालयांची मिळून एकच कमिटी करा. आम्ही येऊ. फक्त प्रश्न विचारायची मुभा काढून घेऊ नका.

तुमच्या जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीवर ही सामान्य माणसाची जागा कुणाकडे आहे, याची चौकशी करा. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, संस्थांमध्ये काम करणाऱ्या बायका, कुणीही बसू शकतं. काय वाचायचं, काय विचारायचं हे मी बसून समजावून सांगेन. इच्छा असेल त्यांनी मला मेसेज करा.