चालतंय ना? मग हात लावू नका

तुमच्या कारखान्यातलं पीएलसी, म्हणजे प्रोग्रामप्रमाणे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, गेली अकरा वर्षं मुकाट चालतंय. हल्ली त्याच्यावर एक बारीकसा लाल दिवा लागलेला असतो, शेजारी ‘बॅट’ असं काहीतरी कोरलंय. घाबरू नका. दिवा लागलाय म्हणजे सप्लाय आहे, आणि सप्लाय आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

मेंटेनन्समध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यातून जे शहाणपण आलं ते तुम्हाला फुकट देतो. सगळ्यात आधी त्या बॅटरीचं. करंगळीच्या पेराहून थोडी मोठी, ३.६ व्होल्टची लिथियमची नळकांडी. जुन्या पीएलसीमध्ये प्रोग्राम रॅममध्ये राहतो, आणि लाइट गेली की तो धरून ठेवायचं काम हिचं. साधारण पाच वर्षांनी बदला, असं मॅन्युअल म्हणतं. मॅन्युअल लिहिणाऱ्याला बॅटऱ्या खपवायच्या असतात, हे आपल्या पर्चेसवाल्यांनी केव्हाच ओळखलंय. शिवाय बॅटरीचा एक फार मोठा गुण आहे. लाइट असेपर्यंत तिला कामच नसतं. ती मेली तरी मशीन चालतं, टार्गेट गाठतं, साहेबांना इन्सेंटिव्ह मिळतो. मेलेल्या बॅटरीवर मी तीन-तीन शिफ्टा चाललेल्या पाहिल्यात. फक्त लाइट जाऊ द्यायची नाही, बस्स. भोसरीकडे सुट्टी गुरुवारची आणि महावितरणची दुरुस्तीही गुरुवारचीच, त्यामुळे तिकडच्या मंडळींना शुक्रवारी सकाळी जरा जपून राहावं लागतं.

तरीही बदलायचीच हौस असेल, तर दिवाळीच्या शटडाउनमध्ये बदला. मॅन्युअलमध्ये ‘सप्लाय चालू ठेवून बदला’ किंवा ‘काढल्यावर काही मिनिटांच्या आत नवी बसवा’ असलं लिहिलेलं असतं. चालू पॅनेलमध्ये हात? सेफ्टीवाल्यांना विचारून बघा. आपण नियमाने जायचं. मेन स्विच पाडायचा, कुलूप घालायचं, टॅग अडकवायचा, जुनी बॅटरी काढायची, हात धुऊन चहा घ्यायचा आणि मग नवी आणायला माणूस पाठवायचा.

हे पीएलसी आलं कुठून तेही सांगतो. अमेरिकेत डिक मॉर्ली नावाच्या इंजिनिअरने १ जानेवारी १९६८ रोजी, आदल्या रात्रीची उतरायच्या आत, याचा आराखडा लिहिला असं तो स्वतःच सांगायचा. पुढच्या वर्षी मोडिकॉन ०८४ तयार झालं. दरवर्षी गाडीचं मॉडेल बदललं की रिलेची, म्हणजे विजेवर उघड-मिट होणाऱ्या स्विचांची, सगळी पॅनेलं तोडून नव्याने वायरिंग करावं लागे, त्यातून जनरल मोटर्सला सुटका हवी होती. सुटका झाली. पण रिलेच्या जमान्यात मशीनची अक्कल तारांमध्ये होती, ती जायची तर आधी तारा जळाव्या लागत. आता काहीही न जळता जाते. याला प्रगती म्हणतात.

पॅनेलच्या देखभालीबद्दल फार बोलत नाही, ती तुम्ही करताच. एप्रिलमध्ये पॅनेलचं दार सताड उघडं टाकून समोर पेडस्टल फॅन लावायचा. शेजारच्या ग्राइंडिंगची भुकटी आणि कूलंटची वाफ आत जाऊन कार्डांवर छान बसते. फिल्टरची जाळी काढून टाका, नाहीतर ती धुवावी लागते. केबल ग्लँड, म्हणजे केबल आत येते ती भोकं, उघडे ठेवा, उंदरांनाही थंडीत उबेची गरज असते. वर्षातून एकदा कॉम्प्रेसरची हवा मारा, ड्रेन न केलेल्या लाइनीतून, म्हणजे धुळीत पाणी आणि तेल मिसळून तिचा चिकट थर बसतो. कोणी म्हणेल की तापमान दहा अंशांनी वाढलं की पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. येऊ दे, तोवर आपली बदली झालेली असते. खंडेनवमीला मात्र हयगय नको. हळद-कुंकू, नारळ आणि झेंडूचा जाड हार. हार बरोबर पॅनेलच्या पंख्यावर टांगा. पुढचे दोन महिने वाळलेल्या पाकळ्या एकेक करून आत ओढल्या जातात.

आता प्रोग्रामचा बॅकअप. याचा मूळ मंत्र एकच: बॅकअप एका माणसाकडे, एका लॅपटॉपवर असावा. लॅपटॉप विंडोज एक्सपीचा, कारण सिरियल पोर्ट फक्त त्यालाच आहे. केबल त्या माणसाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्याच्याकडे. तो माणूस आता चाकणला दुसऱ्या कंपनीत आहे. फाइलींची नावं अशी ठेवा की वाचणाऱ्याला विश्वास वाटावा: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन चालू’, ‘हाच वापरा’, आणि त्याच तारखेची ‘हा नको’. दोन्ही उघडून ताडून बघू नका. मशीन बसवणाऱ्याने प्रोग्रामला पासवर्ड टाकलेला असेल तर तोही विचारू नका, अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

एखादा उत्साही ट्रेनी म्हणेल, ‘सर, पीएलसीमधूनच अपलोड करून घेऊ या.’ घेऊ द्या. बऱ्याच जुन्या पीएलसींमधून प्रोग्राम येतो पण नावं आणि कॉमेंट येत नाहीत. मग पडद्यावर नुसते एम १००, एम १०१, टी १२. यातला कोणता क्लँप आणि कोणता इमर्जन्सी, हे रात्री अडीच वाजता प्रॉडक्शनवाले मागे उभे असताना शोधण्यात जी मजा आहे ती कॉमेंट वाचण्यात नाही.

मीही हे सगळं पाळत आलो, म्हणून अनुभवाचा एक दाखला. आमच्याकडे रबर मोल्डिंगचा एक प्रेस होता. भाऊबीज झाल्यावर मेन चढवला, तर पीएलसी स्टॉपमध्ये आणि मेमरी कोरी. चार दिवसांच्या सुट्टीत बॅटरीने अखेर जाहीर केलं की ती गेलीय. शोधाशोध करून मशीनबरोबर आलेली सीडी ऑफिसातल्या देवाच्या फोटोमागे सापडली. रात्री अकराला प्रोग्राम टाकला, रनचा दिवा हिरवा झाला, टाळ्या वाजल्या, साहेबांनी वडापाव मागवले. मीसुद्धा दोन खाल्ले.

सकाळी क्वालिटीवाला एक बुश घेऊन आला. काही न बोलता त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. अंगठ्याचा ठसा तसाच राहिला. रात्रभरचा सगळा माल कच्चा. सीडीवरच्या प्रोग्रामला क्युअरिंगची, म्हणजे रबर साच्यात पक्कं व्हायची, वेळ मशीन बसवलं त्या दिवशीची माहीत होती, १८० सेकंद. आमच्या ऑपरेटर मामांनी ती वर्षानुवर्षं बघत बघत २१० वर आणली होती. प्रोग्राम सापडला होता, पण मधल्या वर्षांत त्यात बोटांनी भरलेले आकडे सापडले नव्हते. ‘मामा, आकडे कुठे लिहिलेत?’ विचारलं. मामा म्हणाले, ‘साहेब, पॅनेलच्या दाराला आतून मार्करने लिहिले होते की. ऑडिटच्या आधी तुम्हीच रंग मारायला लावलात.’

रंग छान बसला होता. ऑडिटरने कौतुक केलं होतं. त्याच ऑडिटमध्ये आमच्या मेंटेनन्स चेकलिस्टवर ‘बॅटरी तपासली’ आणि ‘बॅकअप घेतला’ या दोन्ही ओळींपुढे बारा महिन्यांच्या बारा टिका होत्या, एकाच पेनाने, एकाच बैठकीत मारलेल्या. टिक मारण्यात काही चूक नाही. फक्त अधूनमधून पेन बदलत जा, ही माझी चूक तुम्ही करू नका.

मग व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस झाला. पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारण शोधायचं, अशी ती पद्धत. पहिल्या ‘का’ला प्रोग्राम गेला, दुसऱ्याला बॅटरी उतरली, तिसऱ्याला बदलली नव्हती. इथे खोलीत जरा शांतता पसरली, म्हणून आम्ही चौथा ‘का’ दुसऱ्या बाजूने सुरू केला आणि पाचव्याला महावितरणपाशी पोचलो. तुम्हीही पाचव्या ‘का’ला कायम कारखान्याच्या गेटबाहेर असा.

उपाययोजना म्हणून दहा बॅटऱ्या एकदम मागवल्या. स्टोअरने त्यांची ‘क्रिटिकल स्पेअर’ म्हणून नोंद केली आणि कुलपात ठेवल्या. क्रिटिकल असल्यामुळे त्या काढायला प्लँट हेडची सही लागते, आणि ब्रेकडाउन असल्याशिवाय सही मिळत नाही. बॅटरी बदलली नाही तर ब्रेकडाउन होईल, असं मी एकदा म्हणालो. ‘झाला की या,’ स्टोअरवाला म्हणाला.

त्याला पाच वर्षं होऊन गेली. गेल्या आठवड्यात नवी ट्रेनी मुलगी विचारत आली, ‘सर, प्रेसच्या पॅनेलमध्ये लाल दिवा लागलाय, तो कशाचा?’ मी तिला सोबत घेऊन गेलो, खिशातून इन्सुलेशन टेप काढली, दोन बोटं तुकडा तोडला आणि दिव्यावर चिकटवला.

टेप काळीच घ्या. पिवळीतून उजेड दिसतो.