देवभीरू माणसाचाही न्याय चुकतो, हे बायबलच सांगतं

एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: देव पक्षपात करत नाही, म्हणून देवाचं भय बाळगणाराही करत नाही, अशा माणसाच्या निवाड्याला साक्षीपुराव्याची गरज नाही, आणि त्यावर शंका घेणं म्हणजे ‘दोष काढू नका’ ही येशूची आज्ञा मोडणं. लिहिणाऱ्याच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण हे बायबलचं म्हणणं नाही.

‘देवभीरू माणूस पक्षपात करत नाही.’ इस्राएलचा न्यायनिवाडा करणारा संदेष्टा शमुवेल, त्याच्याइतका देवभीरू कोण? तरी इशायचा मुलगा अलीयाब दिसताच त्याला वाटलं, हाच परमेश्वराचा अभिषिक्त, म्हणजे राजा म्हणून निवडलेला. देवाला त्याला थांबवावं लागलं: उंची पाहू नकोस, माणूस बाहेरचं रूप पाहतो. त्याच्याही आधी त्याने आपल्याच मुलांना, योएल आणि अबीया यांना, न्यायाधीश नेमलं होतं. बैर-शेब्यात ते लाच घेऊन न्याय विपरीत करू लागले.

दावीद राजाचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. नाथान संदेष्टा त्याला गोष्ट सांगतो: एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून पाहुण्याला रांधून घातली. दावीद संतापतो आणि चौपट भरपाईचा हुकूम देतो. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं द्यावीत, असं बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायातही आहे. म्हणजे नियम ठाऊक होता, गरिबाची कणवही खरी होती. तरी आपल्याच सैनिकाची, उरियाची, बायको नेऊन त्याला रणात मारवणारा आपणच, हे नाथानाने ‘तो मनुष्य तूच’ म्हणेपर्यंत त्याच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्याचा न्याय अचूक करणाराही स्वतःच्या बाबतीत आंधळा असू शकतो, आणि श्रद्धेने हे आंधळेपण आपोआप जात नाही.

‘साक्षीपुरावा नको.’ मग मोशेच्या नियमशास्त्रात दोन-तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी, न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी, असं का लिहिलं (अनुवाद या पुस्तकाचा १९ वा अध्याय)? लाच शहाण्यांचे डोळे आंधळे करते (अनुवाद १६:१९), असं तिथे म्हटलं आहे. शहाण्यांचे, मूर्खांचे नव्हे. नीतिसूत्रं (१८:१७) सांगतात की आधी बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत.

‘गरिबाच्या बाजूने दिलेला निकाल नेहमी देवाचाच’, असंही त्या मजकुरात ओघात येतं. लेवीय १९:१५ वाचा: गरिबाची भीड नको, बलवानाचीही नको. गरिबाचा न्याय बुडवू नये हेही निर्गम २३ मध्ये आहेच, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा बुडतो तो त्याचाच.

राहिली ‘दोष काढू नका’ ही आज्ञा. त्याच उताऱ्यात येशू पुढे म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. योहान ७:२४ मध्ये तर तोंड पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा, अशी सरळ आज्ञा आहे. आणि निवाड्यावर बोट ठेवणं पाप असेल, तर प्रेषित पौलाचं काय करायचं? कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी ‘देव पक्षपाती नाही’ असं ठामपणे सांगणारा येशूचा शिष्य पेत्रच पुढे अंत्युखिया शहरात, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं येताच, परराष्ट्रीयांच्या म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या पंक्तीतून उठून वेगळा झाला. त्याच्यामागे पौलाचा सोबती बर्णबाही गेला. तेव्हा पौलाने पेत्राला सगळ्यांसमक्ष जाब विचारला.