नवापूरची शेडं, बार्नेव्हेल्डची शेडं

महाराष्ट्रात बर्ड फ्लूची बातमी आली की दोन वाद रंगतात. पहिला, चिकन खावं की नाही. मग कुणीतरी पुढारी व्यासपीठावर बसून तंगडी खाऊन दाखवतो, दर पडायचे तेवढे पडतात आणि महिन्याभरात सगळं विसरलं जातं. दुसरा वाद अलीकडचा: फ्रान्सवाले लस टोचतात, मग आपल्याकडे का नाही? पहिल्याचं उत्तर ओळीभराचं आहे. मांस आतपर्यंत 70 अंशांना शिजलं की विषाणू संपतो, आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो. दुसरा वाद इथे नेदरलँड्समध्येही चालू आहे. लसीला विरोध नाही, पण आपल्याकडे तिची मागणी ज्या सहजतेने होते ती खटकते.

आधी 2003 सालची गोष्ट. बार्नेव्हेल्डच्या आसपासचा, गेल्डर्स व्हॅली म्हणतात तो पट्टा म्हणजे इथल्या कोंबडीपालनाचं माहेरघर. शेडाला शेड लागलेली. एच7एन7 हा बर्ड फ्लूचा विषाणू तिथे शिरला, अडीचशेच्या आसपास फार्म बाधित झाले, सुमारे 3 कोटी पक्षी मारले गेले. 89 माणसांना लागण झाली, बहुतेकांचे नुसते डोळे आले, पण एक पशुवैद्य दगावला. वाहतूकबंदी, तपासणी, शेजारच्या फार्मवरचे निरोगी पक्षी मारणं हे सगळं केलं. नंतरच्या अभ्यासात काय दिसलं? एका बाधित फार्मपासून सरासरी किती नवे फार्म लागतात हा आकडा त्या पट्ट्यात 6.5 वरून 1.2 वर आला, पण 1 च्या खाली गेला नाही. म्हणजे उपायांनी साथ मंदावली आणि थांबली ती बहुधा लागण व्हायला पक्षीच उरले नाहीत म्हणून. जगातल्या शिस्तीच्या यंत्रणांपैकी एकीची ही कथा.

आता नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला एच5एन1 तिथेच सापडला. सुरुवातीला सगळ्यांना ती राणीखेत, म्हणजे मानमोडी वाटली, कारण तिच्यातही अशीच मर लागते. 2021 च्या हिवाळ्यात आधी परभणीच्या मुरुंब्यात आणि मग पुन्हा नवापुरात हा रोग आला. एकाच गावात पुन्हा पुन्हा तेच घडतं, तेव्हा स्थलांतरित पक्ष्यांकडे बोट दाखवून भागत नाही. पक्षी विषाणू आणतो हे खरं. पण एका शेडमधून पंचविसाव्या शेडमध्ये तो बदकाच्या पंखांवरून जात नाही. तो बुटांवरून, अंड्यांच्या ट्रेवरून, पक्षी विकायला उचलून नेण्याच्या क्रेटवरून, मेलेले पक्षी उचलणाऱ्या टेम्पोवरून जातो.

इथे नेदरलँड्समध्ये शेडच्या दारात एक साधा बाक असतो. बाहेरचे बूट बाकाच्या अलीकडे काढायचे, पाय वरून पलीकडे टाकायचे आणि आतले बूट घालायचे. ते बूट त्या शेडबाहेर कधीच जात नाहीत. आपल्याकडे दारात जंतुनाशकाचं टब असतं, त्यात दोन दिवसांचं पाणी आणि तळाशी विष्ठेचा गाळ. विष्ठा लागलेल्या बुटावर ब्लीचिंगचं पाणी जवळजवळ निकामी होतं. आधी ब्रशने घासून धुवायचं, मग बुडवायचं, हा क्रम उलटा झाला की टब फक्त मनाचं समाधान करतं. पुठ्ठ्याचे ट्रे तर धुताच येत नाहीत, तरी ते बाजारातून परत येतात आणि दुसऱ्याच फार्मवर जातात. प्लास्टिकचे ट्रे घ्यायचे, धुऊन वाळवायचे आणि प्रत्येक फार्मचा रंग वेगळा ठेवायचा, याला फार पैसा लागत नाही. बाजूच्या जाळीची भोकं मोठी असली तर चिमणी आरामात आत येते. ती अर्ध्या इंचाची हवीत. डच शेडं बंदिस्त असतात, तशी आपल्या उन्हाळ्यात परवडणार नाहीत. उलट आपला उन्हाळाच आपल्या बाजूचा आहे: विष्ठेतला विषाणू 4 अंशांना महिनाभर तग धरतो, 37 अंशांना आठवडाभरही नाही. म्हणून सगळी कडक शिस्त डिसेंबर ते मार्चपुरती जरी पाळली तरी अर्धी लढाई झाली.

विषाणू बदलतो कसा, हे लसीच्या वादात कुणी बोलत नाही. त्याच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन कापलं गेल्याशिवाय त्याला पेशीत शिरता येत नाही. सौम्य प्रकारात ही कापायची जागा अशी असते की ती कापणारी एन्झाइम्स फक्त श्वसनमार्गात आणि आतड्यात मिळतात. एच5 किंवा एच7 कोंबड्यांमध्ये फिरत राहिला की त्या जागी कधी कधी जास्तीची अमिनो आम्लं घुसतात आणि मग फ्युरिन नावाचं, जवळपास प्रत्येक पेशीत असलेलं एन्झाइम तिला कापू लागतं. अशा वेळी मेंदू, हृदय, यकृत काहीच वाचत नाही. दोन-तीन दिवसांत शेड रिकामं. शिवाय त्याची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पक्ष्यात दोन विषाणू भेटले की पत्ते पिसल्यासारखे तुकडे बदलतात. आपल्याकडे एच9एन2 हा सौम्य भिडू कायमचा मुक्कामी आहे: अंडी घटतात, थोडी शिंक, शेतकरी दुर्लक्ष करतो. चीनमधल्या एच7एन9 ने आतली सहा जनुकं एच9एन2 कडूनच उचलली होती आणि 2013 पासून दीड हजारांवर माणसांना गाठलं.

त्याच चीनने सप्टेंबर 2017 पासून कोंबड्यांना एच5-एच7 ची एकत्र लस सरसकट दिली आणि माणसांमधली एच7एन9 ची लागण एकदम बोटांवर मोजण्याइतकी झाली. लसीच्या बाजूचा याहून दणकट पुरावा नाही. दुसऱ्या बाजूला मेक्सिको: 1995 पासून एच5एन2 ची लस चालू, विषाणू मात्र संपला नाही, लसीपासून दूर सरकत गेला. टोचलेला पक्षी मरत नाही, पण थोडा विषाणू बाहेर टाकू शकतो. मर हा आपला एकमेव फुकटचा भोंगा, आणि लस तोच बंद करते.

फ्रान्सने ऑक्टोबर 2023 पासून बदकांना लस दिली. 2021-22 च्या हंगामात तिथे बाधित फार्म तेराशेच्या वर होते. लसीनंतरच्या पहिल्या हंगामात 10. पण बातमीत न येणारा भाग असा की टोचलेल्या प्रत्येक कळपातल्या 60 पक्ष्यांच्या घशातले नमुने दर 30 दिवसांनी घेतले जातात, शिवाय मेलेल्या पक्ष्यांची आठवड्याला तपासणी. सुरुवातीला खर्चाचा मोठा वाटा सरकारचा होता. तरीही अमेरिका आणि कॅनडाने आयातीवर निर्बंध घातलेच. ही निर्यातीची भीती आपल्याला डचांइतकी बाळगायचं कारण नाही. आपली अडचण नमुन्यांची आहे. आज संशयित नमुना आधी पुण्याला आणि पक्क्या निदानासाठी भोपाळला जातो. लस सुरू केली तर महिन्याला हजारो नमुने कुठे तपासणार, हे सांगितल्याशिवाय लस मागणं म्हणजे बैलाआधी गाडी.

मला मात्र भरपाईची डच पद्धत आधी उचलावीशी वाटते. इथे निरोगी पक्ष्याचे पूर्ण पैसे मिळतात, आजारी पक्ष्याचे निम्मे, मेलेल्याचे शून्य. म्हणून मर वाढली की शेतकरी त्याच दिवशी फोन करतो. उशिराचा प्रत्येक दिवस त्याच्याच खिशातून जातो. भारतातही मेलेल्याचं काही मिळत नाही, फक्त सरकारने मारलेल्याचं मिळतं. फरक दरात आहे. 2021 मध्ये राज्यात मोठ्या लेअरचे, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीचे, 90 रुपये ठरले होते. पहिलं अंडं देईपर्यंत ती सुमारे 6 किलो खाद्य खाते. नुसत्या खाद्याचा हिशेब 90 च्या पुढे जातो. मग सरकारला फोन जाण्याऐवजी रात्रीतून माल बाजारात जातो, आणि विषाणूला फुकटचा टेम्पो मिळतो. करारावरच्या शेडमध्ये तर पक्षी कंपनीचे, कष्ट शेतकऱ्याचे. रिकाम्या शेडच्या महिन्यांचं काय, हा प्रश्न इथेही सुटलेला नाही, डच शेतकरी त्यावर दरवर्षी भांडतात.

एप्रिल 2025 मध्ये केंद्राने सगळ्या पोल्ट्री फार्मना महिन्याभरात राज्याकडे नोंदणी करायला सांगितलं. नोंदणीबरोबर एक वही सक्तीची करता येईल: रोजची मर, रोजचं पाणी, रोजचं खाद्य. पाणी आणि खाद्य मरीच्या एक-दोन दिवस आधीच घटायला लागतं. नव्याने परवानगी देताना दोन शेडांमध्ये अंतर किती ठेवायचं, हेही नवापूरला विचारलं पाहिजे. मारलेल्या पक्ष्यांसाठी 2 मीटर लांब, रुंद आणि खोल असा खड्डा सुमारे 1,800 पक्ष्यांना पुरतो. 50,000 लेअरच्या फार्मला असे 28 खड्डे लागतात. तेवढी मोकळी जागा आज किती फार्मकडे आहे, ते एकदा मोजून पाहा.