खिशातला छापखाना आणि ‘मूकनायक’

३१ जानेवारी, ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकाची तारीख, आली की एक मेसेज न चुकता फिरतो: ‘१९२० साली दलितांकडे साधनं नव्हती म्हणून बाबासाहेबांना मूकनायक काढावा लागला. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. मधे मालक नाही, संपादक नाही. मूक कुणी उरलंच नाही!’ खाली जोडलेले हात.

साधनं नव्हती हे खरं, पण अर्धंच. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले तेव्हा कुठे ते पाक्षिक उभं राहिलं. मात्र पहिल्या अंकातली तक्रार छापखान्याची नाहीच. मुंबई इलाख्यात वृत्तपत्रं निघतात, पण बहुतेक आपापल्या जातीचं हित पाहणारी, असं बाबासाहेब लिहितात. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने घेतली नाही, हेही त्यांनीच पुढे नोंदवलंय. पत्रं होती, छापखाने होते, दलितांना तिथे जागा नव्हती.

आता खिशातला छापखाना. आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी चार दिवस कोरड्या पडलेल्या नळाचा व्हिडिओ टाकला. तोटी, खाली रिकाम्या कळश्यांची रांग, मागून मावशींचा चढलेला आवाज. सतरा जणांनी पाहिला, त्यातले निम्मे घरचेच. बोलल्या की मावशी. ऐकलं कुणी?

मालक नाही म्हणता? कोणता व्हिडिओ कुणाला दिसावा हे ठरवणारा, मधे जाहिरात घालून पैसा करणारा तो कोण मग? १९४३ साली पुण्यात रानड्यांवरच्या भाषणात बाबासाहेब म्हणाले होते की पत्रकारिता एकेकाळी पेशा होती, आता व्यापार झाला; साबण बनवण्याइतकंच तिचं नैतिक कर्तव्य उरलंय. तेव्हा साबण निदान पैसे मोजून घ्यावा लागे. आता फुकट मिळतो आणि आपणच विकले जातो.

संपादक नाही, हे मात्र कबूल. पण त्यात मिरवण्यासारखं काय आहे? एका जातीचं नुकसान करू पाहणाऱ्या पत्रांसाठी पहिल्याच अंकात आगबोटीचा दाखला आहे: दुसऱ्या उतारूच्या खोलीला भोक पाडणारा आधी किंवा मागाहून स्वतःही बुडतो. आज ते भोक पाडायला लेखणीही लागत नाही, फॉरवर्डचं बटण पुरतं. जोडलेल्या हातांचा हा मेसेज ज्या ग्रुपवर आला, तिथेच त्याच्या वर एका समाजाला शिव्या घालणारा, बनावट निघालेला व्हिडिओ होता. पाठवणारा नंबर तोच.