कॉम्प्युटर उठला, माउस झोपलाय

मे महिन्यात सोलापुरात दुपारी जागं राहायचा हट्ट कुणी धरत नाही. पारा 44 कडे सरकला की नवी पेठेतल्या दुकानदाराचेही डोळे जड होतात. माझा कॉम्प्युटर पक्का सोलापूरकर. मी भाकरीवर बसलो की तो पेंगायला लागतो. झोपू दे बिचारा! पण उठताना हा एकटाच उठतो.

परवा कारखान्यातून फोन. "अण्णा, ट्रक भरून उभाय, ई-वे बिल काढा की." चादरी हैदराबादला निघालेल्या, माल 50,000 रुपयांच्या वरचा, ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन सरकारी कागद, त्याच्याशिवाय ट्रक हलणार कसा? बटण दाबलं. स्क्रीन लख्ख. पासवर्ड मागितला. टाकतो कशानं? वायरलेस कीबोर्ड घोरत होता. माउसच्या पोटाखाली लाल दिवा जळत होता, म्हणजे सेल ठणठणीत, बाण मात्र ढिम्म. दोघांचा मिळून एक पिटुकला रिसीव्हर, तो डब्याच्या पाठीमागे. मग काय, टेबलाखाली लोटांगण. नखानं उपटला, फुंकर मारली (फुंकर का मारतात कुणास ठाऊक, पण मारल्याशिवाय चैन पडत नाही) आणि परत खोचला. बाण हलला. तर वायफाय गायब.

मोबाइलवर उपाय शोधला. जो तो सांगतोय, "नवा ड्रायव्हर डाउनलोड करा." (ट्रकचा नव्हे, कॉम्प्युटरमधलं एकेक यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर.) नेटच नाही तर डाउनलोड काय कपाळावर करू?

शेवटी भाच्याला बोलावलं. "मामा, झोपेत रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीची, वीज तेवढी चालू राहते, बाकीच्यांची तोडतात नाहीतर कमी करतात. उठल्यावर ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरनं आपापलं यंत्र जागं करायचं. एखाद्याला नाही जमलं, की ते यंत्र जागेवर असून गैरहजर." आमच्या वर्गात असे बरेच होते. त्यानं डिव्हाइस मॅनेजर उघडून वायफायचं यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. नेट आलं, ट्रक सुटला. मग 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन, वीज वाचवायला हे यंत्र बंद करायची परवानगी देणारी टिक काढून टाकली.

तेवढ्यानं समाधान होईना. रिसीव्हरशेजारी हार्डडिस्कची यूएसबी 3.0 ची वायर होती. ती रेडिओलहरींच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो, म्हणाला. म्हणून रिसीव्हरला एक्स्टेन्शन वायर जोडून त्याला टेबलावर आणून बसवला. बायको चहा घेऊन आली, ती हातभर वायर बघितली आणि म्हणाली, "वायरलेसची वायर का ही?"

भाचा तिला गिगाहर्ट्झ समजावायला लागला आणि लाइट गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर मुळापासून चालू झाला. कीबोर्ड, माउस, वायफाय, सगळे एका दमात हजर. इतकंच काय, बंद पडलाय म्हणून मी कधीचा नाद सोडलेला ब्लूटूथ स्पीकरही जोडला गेला. भाचा जरा हिरमुसलाच.