साडेतीन मेगाहर्ट्झ म्हणजे साडेतीन पट फास्ट नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरमधला झेड८० प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झचा आणि त्याच वर्षीच्या कमोडोर ६४ या दुसऱ्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर जेमतेम १ चा, म्हणून स्पेक्ट्रम साडेतीन पट फास्ट. आकडे बरोबर आहेत पण निष्कर्ष चुकलाय.

मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष (दहा लाख) टिकटिक होतात एवढंच, एका टिकटिकीत काम किती होतं ते त्यात येत नाही. दोन्ही प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या इन्स्ट्रक्शनला (प्रोसेसरला दिलेल्या एका हुकमाला) किती सायकल, म्हणजे टिकटिकी, लागतात त्याचे तक्ते आहेत, तेच घेऊन बसलो. एक आकडा ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या हिशोबाच्या मुख्य खणात, भरायला झेड८० ला ७ सायकल लागतात, कमोडोरच्या ६५१० ला, म्हणजे ६५०२ नावाच्या प्रोसेसरच्याच भावाला, फक्त २. आता भागाकार करा, ७ भागिले साडेतीन म्हणजे २ मायक्रोसेकंद, आणि तिकडेही जवळपास २च! म्हणजे इथे दोघं बरोबरीत.

पण म्हणून उलटा मेसेजही नका बनवू. १६ बिटची, म्हणजे मोठ्या आकड्यांची, बेरीज झेड८० रजिस्टरमध्ये (स्वतःच्या आतल्या खणांत) ११ सायकलमध्ये उरकतो, ६५१० ला तीच बेरीज मेमरीतून दोन तुकड्यांत करावी लागते, झीरो पेज, म्हणजे मेमरीचा सगळ्यात पटकन हाती लागणारा भाग, वापरलं तरी २० सायकल जातात, तिथे झेड८० सरळ पुढे. त्यात दोन्हीकडे स्क्रीन दाखवणारी चिप मधूनमधून प्रोसेसरला थांबवते ते वेगळंच.

तेव्हा तो साडेतीन पटवाला मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, आणि आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.